शिलाई तीच आहे

जळकोटला बसस्टँडकडून बाजारपेठेत शिरलं की डाव्या हाताला लागून लागून दोन दुकानं आहेत. एक माझ्या भावाचं, महांतेशचं, बी-बियाणं आणि खताचं. दुसरं माझ्या वहिनीचं, शिलाईचं. भावाचं दुकान मोठं आहे, पण पत्ता विचारला तर लोक सांगतात, 'मंजुश्रीच्या दुकानाला लागून'. भावाला याचं काही वाटत नाही. मला तर फारच बरं वाटतं.

मंजुश्री वहिनी निलंग्याकडची. लग्न करून आली तेव्हा सोबत पायाचं मशीन घेऊन आली आणि दुसऱ्या आठवड्यापासून शिवायला बसली. आमच्या अव्वाला, म्हणजे आईला, ते पटलं नव्हतं. घरची सून लोकांची मापं घेते म्हणून ती महिनाभर फुगून होती. मग वहिनीनं तिला एक खणाची चोळी शिवून दिली. ती चोळी घालून अव्वा बसवजयंतीला गेली आणि चार बायकांनी विचारलं, कुणी शिवली. त्यानंतर अव्वाच गिऱ्हाईक धरून आणायला लागली.

वहिनीची खासियत अशी की ती मापाची वही ठेवायची नाही. पन्नास-साठ गावच्या बायका यायच्या. बाई दारात दिसली की वहिनी नाव घेऊन हाक मारायची, कुठल्या गावची, मागचा ब्लाऊज कुठल्या रंगाचा, बाही किती, सगळं तोंडपाठ. मापाची पट्टी गळ्यात असायची ती नुसती सवयीनं.

हे सगळं २०१९च्या फेब्रुवारीपर्यंत. वहिनी तेव्हा छत्तीस वर्षांची होती.

लगीनसराईचे दिवस होते, कामाचा ढीग पडलेला. वहिनीला ताप आला. गावातल्या दवाखान्यात दाखवलं, गोळ्या आणल्या. डोकं फार दुखतंय म्हणून ती कपाळाला फडकं घट्ट बांधून मशीनवर बसायची. चौथ्या दिवशी सकाळी ती एकदम उठली आणि इस्त्रीचं बटण बंद केलं.

"काहीतरी जळायलंय," ती म्हणाली. "रबर जळल्यासारखा वास यायलाय."

इस्त्री गारच होती. महांतेशनं दोन्ही दुकानांतल्या वायरी तपासल्या. वास कुणालाच येत नव्हता. थोड्या वेळानं वहिनीलाही येईनासा झाला, मग परत आला, मग परत गेला.

दुपारी तिनं कापलेले ब्लाऊजचे तुकडे नेऊन पिठाच्या डब्यात ठेवले. अव्वानं विचारलं तर तिच्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुम्ही कुठल्या गावच्या?"

अव्वानं घाबरून शेजारी हाका मारल्या. शेजारच्या बायका जमल्या. कुणी म्हणालं, बाहेरचं असेल, लग्नाचे कपडे शिवते, कुणाची तरी नजर लागली. वहिनी तर एरवी मोठ्यानं बोलणारी नाही, त्या दिवशी ओरडायला लागली, मध्येच हसायला लागली. अव्वानं तिला विभूती लावली आणि एका जाणत्या माणसाकडे नेलं. त्यात तो दिवस गेला आणि दुसरा अर्धा दिवस गेला. हे मी लपवून ठेवत नाही, कारण अव्वा स्वतःच ते लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी महांतेशचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. मी नांदेडला असते, तिथेच काम करते.

"शिवकन्या, मंजूला झटका आला. हातपाय वाकडे झाले, तोंडातून फेस. आता पडून हाय, बोलेना."

"गाडी कर आणि इकडं आण. ताबडतोब. अव्वाला म्हणावं बाकीचं नंतर बघू."

संध्याकाळच्या आत ते नांदेडला पोचले. ज्या दवाखान्यात नेलं तिथे मेंदूचे डॉक्टर होते, डॉ. सोनकांबळे. त्यांनी एमआरआय काढला, पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासायला पाठवलं, आणि रिपोर्टची वाट न बघता सलाईन सुरू केलं. मग आम्हाला बोलावून फिल्म दिव्यासमोर धरली. कानाच्या वर, आतल्या बाजूला, एक भाग पांढुरका दिसत होता.

"मेंदूला सूज आहे," ते म्हणाले. "व्हायरसमुळं. ताप येऊन गेला की ओठाच्या कोपऱ्यावर फोड येतात, बघितलेत ना? बहुतेक तोच व्हायरस. शेकडा साठ-सत्तर लोकांच्या अंगात तो झोपून असतो, काही करत नाही. लाखात एखाद्याच्या मेंदूत शिरतो. मग त्याच्याशी लढायला शरीर धावतं, आणि त्यात मेंदू सुजतो. दुसरीकडं सूज आली तर कातडी ताणते. इथं भोवती हाड आहे. सुजायला जागाच नाही."

"म्हणजे तिला वेड लागलं न्हाई?" अव्वानं विचारलं.

"नाही, आजी. जी जागा सुजली तिचं काम बिघडलं. तिथंच वासाचं केंद्र आहे, म्हणून जळका वास आला. तिथंच आठवणी आणि नावं असतात. म्हणून तुम्हाला ओळखलं नाही."

महांतेशनं मान खाली घातली. "आम्ही दीड दिवस वाया घालवला, साहेब."

डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाले, "लवकर आला असता तर बरं झालं असतं. पण फार उशीरही झालेला नाही. दर आठ तासांनी इंजेक्शन, एकवीस दिवस. जीव वाचेल असं मला वाटतंय. बाकी किती परत येईल ते आज सांगता येत नाही."

पाण्याच्या रिपोर्टनं त्यांचा अंदाज खरा ठरवला. एकवीस दिवस आम्ही पाळीपाळीनं तिथे बसलो. नवव्या दिवशी वहिनीनं नीट डोळे उघडून पाणी मागितलं. पुढच्या शनिवारी महांतेश मुलीला, गौरीला, शाळेतूनच भेटायला घेऊन आला. वहिनीनं तिचा हात धरला, चेहरा बराच वेळ बघितला आणि विचारलं, "गौरीला पहिलीत घातलं का हो? वय बसतंय का?"

गौरी सहावीत होती. तिच्या अंगावर सहावीचा गणवेश होता, वहिनीनंच जूनमध्ये शिवलेला. मधली पाच वर्षं वहिनीच्या डोक्यातून पुसली गेली होती. पोरगी रडली नाही. "बसतंय, आई," एवढं म्हणाली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन रडली.

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. वहिनी चालत होती, जेवत होती, दिसायला पहिल्यासारखीच होती, त्यामुळे लोकांना वाटायचं बरी झाली. पण सकाळी कोण भेटायला आलं ते दुपारी आठवत नसे. एकच प्रश्न दहादा. आणि राग. इतक्या शांत बाईला भाजीत मीठ कमी म्हणून ताट फेकण्याइतका राग यायचा. एकदा तिनं ताट फेकलं, आणि ते भिंतीवर आपटून घरंगळत अव्वाच्या पायाशी आलं. मीही त्या दिवशी तिथेच होते. मला वाटलं आता अव्वाचा तोंडाचा पट्टा सुटणार. अव्वानं ताट उचललं, पुसलं आणि म्हणाली, "टाक. अजून लई ताटं हायत घरात." वहिनी तिच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देत राहिली.

दर पंधरा दिवसांनी तिला नांदेडला दाखवायला आणायचे. तिथल्या स्पीच थेरपीच्या मॅडम तिला चित्रांची कार्डं दाखवत. कात्री. बरोबर. कुलूप. बरोबर. हातोडा, करवत, शिडी, सगळं बरोबर. मग मॅडमनी गाईचं चित्र दाखवलं. वहिनी बघत राहिली.

"जनावर," ती म्हणाली.

"कुठलं?"

"मोठं. चार पायाचं."

वांग्याला ती 'भाजी' म्हणाली, मोराला 'पाखरू'. शेतकऱ्याच्या घरात वाढलेली बाई, आणि तिला गाय म्हणता येईना. मला वाटलं आता संपलं. पण डॉक्टर म्हणाले, या आजारात काही जणांचं असं होतं. जिवंत गोष्टींची नावं जातात, वापरायच्या वस्तूंची राहतात. हातानं शिकलेलं कामही बहुतेक वेळा शाबूत राहतं, कारण ते मेंदूत दुसरीकडे साठवलेलं असतं.

भाज्यांची नावं शिकवायचं अव्वानं अंगावर घेतलं. दर आठवडी बाजारी सासू-सुना हातात हात घालून जायच्या. अव्वा वांगं उचलून तिच्या तळहातावर ठेवायची. "हे काय?" वहिनी गप्प. "वांगं. बदनीकाय. म्हण." अव्वाचं माहेर बिदरकडचं, त्यामुळे तिच्या तोंडी कानडी आपोआप यायचं. परिणाम असा झाला की वहिनीला काही भाज्या मराठीत परत आल्या आणि काही कानडीत. कांद्याला ती अजून उळ्ळागड्डीच म्हणते. भाजीवाल्यांना आता सवय झाली आहे.

जूनमध्ये एका सकाळी वहिनी महांतेशसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "चावी."

"कशाची?"

"माझ्या दुकानाची."

भावानं टाळलं. परत झटका आला तर मशीन, कात्री, इस्त्री, सगळंच भीतीचं. मोठी कात्री तर त्यानं कपाटात लपवली होती. वहिनीनं वाद घातला नाही. ती रोज सकाळी तेवढाच एक शब्द म्हणायची. तिला आदल्या दिवशी मागितल्याचं आठवत असेल-नसेल, पण मागणं सुटलं नाही. शेवटी नांदेडला विचारलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चुकवू नका, आधी कुणीतरी सोबत बसा, आणि बसू द्या तिला.

अव्वानं स्वतःची एक जुनी साडी दिली आणि परकर शिवायला सांगितला. वहिनीनं कापड अंथरलं, वरून हात फिरवला, खडूनं एक रेघ मारली. मग कात्री चालली, सलग, कुठेही न अडखळता. मशीनचं चाक हातानं फिरवून तिनं पाय टाकला तेव्हा तिची पाठ आपोआप ताठ झाली. मी तेव्हा सुट्टीला आले होते. चार महिन्यांत पहिल्यांदा मला समोर माझी जुनी वहिनी दिसली.

पण दुकान म्हणजे नुसती शिलाई नाही. श्रावणात एका बाईचा ब्लाऊज वहिनीनं दुसरीलाच दिला. ज्या बाईचा होता ती लग्नाला निघाली होती. तिनं भर बाजारात तोंड सोडलं. "डोकं ठिकाणावर न्हाई तर दुकान कशाला उघडायचं? लोकाच्या कपड्याचं वाटोळं करायलीय!"

महांतेशनं हात जोडले, माफी मागितली, आणि घरी येऊन म्हणाला, "मंजू, बास झालं. मला तुझी अशी बेअब्रू बघवेना."

वहिनी दोन दिवस गप्प होती. आम्हाला वाटलं विसरली. तिसऱ्या दिवशी ती एकटीच पेंटरकडे गेली. हातात कागद होता. त्यावर काय लिहायचं ते तिनं त्या दोन दिवसांत लिहून, खोडून, परत लिहून तयार केलं होतं. संध्याकाळी दुकानाच्या दारावर पाटी लागली. निळ्यावर पांढरी अक्षरं:

'माझ्या मेंदूला सूज येऊन गेली आहे. मला चेहरे लक्षात राहत नाहीत. आल्यावर नाव आणि गाव सांगावे, राग मानू नये. शिलाई तीच आहे.'

महांतेशनं पाटीसमोर उभं राहून ती दोनदा वाचली. आमच्याकडे माणसं मेंदूचा आजार म्हटलं की दार लावून घेतात, पोरींची लग्नं व्हायची असतात. आणि हिनं तो रंगवून दारावर टांगला होता.

"लोक काय म्हणतील?" त्यानं विचारलं.

"नाव सांगतील," वहिनी म्हणाली. "आणि गाव."

तसंच झालं. पहिले काही दिवस बायका नुसती पाटी वाचायला यायच्या. मग दारातूनच ओरडायला लागल्या, "मंजुश्री, मी वाढवण्याची कोंडाबाई गं!" जिनं तोंड सोडलं होतं, तीसुद्धा दिवाळीच्या आधी कापड घेऊन आली आणि नाव-गाव सांगून उभी राहिली. वहिनीला भांडण आठवतच नव्हतं. तिनं चांगला चहा पाजला. त्या बाईला तो चहा काही गोड लागला नसेल.

आयुष्यात पहिल्यांदा वहिनीनं वही केली. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान. त्यावर कापडाचा तुकडा टाचणीनं लावलेला, खाली नाव, गाव, माप आणि ओळखीची खूण. 'डाव्या गालावर तीळ.' 'चष्मा, दोरीवाला.' 'उंच, सून सोबत.' एका बाईनं आपलं पान वाचलं तर त्यावर लिहिलं होतं, 'लई बोलते'. ती बाई इतकी हसली की तिनं ते सगळ्या गल्लीत सांगितलं. आता अशा अकरा वह्या झाल्या आहेत. गेल्या वर्षी बचत गटाला गणवेशांचं काम मिळालं, साडेतीनशे जोड, तेव्हा आठ बायकांना कापून देण्याचं काम वहिनीकडे होतं. एकही जोड परत आला नाही.

पण मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधल्या एका दुपारचा.

नीलम्मा नावाची एक गिऱ्हाईक ब्लाऊज न्यायला आली. घाईत होती. घरी मालक तापानं पडलेत म्हणाली, पाच दिवस झाले. भीमाशंकर त्यांचं नाव, गावात टायर-पंक्चरचं दुकान. "आणि कालपासून येड्यासारखं करायलेत," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "चपला फ्रीजमध्ये ठेवल्या. मला म्हणतात, घरात तेल जळायलंय. चूल बंद हाय, गॅस बंद हाय, कुठं जळतंय?"

वहिनीनं मशीन थांबवलं.

"वास येतो म्हणतात? कुणाला न येणारा?"

"हाव."

"डोकं दुखतंय?"

"लई. सासरे म्हणतात, आज बाहेरचं काढून आणू."

वहिनी उठली, नीलम्माचा दंड धरला आणि तिला पाटीसमोर नेलं. "हे वाच. मला बी असाच वास आला होता. आमचा दीड दिवस गेला त्यात. तुझा एक तास बी जाऊ देऊ नको."

नीलम्मानं पाटी वाचली आणि ब्लाऊज तिथेच ठेवला. मग वहिनीनं दुकानाचं शटर ओढलं, महांतेशला गाडी काढायला लावली आणि स्वतः भीमाशंकरच्या घरी गेली. तिथे सासरे आडवे आले. परक्या बाईनं आमच्या घरात बोलू नये, म्हणाले. अव्वाही मागून पोचली होती. अव्वा सत्तरीच्या पुढची, काठी टेकत चालणारी.

"दादा," अव्वा त्यांना म्हणाली, "माझ्या सुनेला मीच घेऊन गेले होते झाडायला. माझी चूक झाली. तिची पाच वर्षं गेली, ती माझ्यामुळं गेली. तुम्हाला हे सांगायला म्हणून आले. आता बघा तुमचं."

सासऱ्यांनी वाट दिली.

मला फोन आला तो गाडीतून. वहिनी कागदावरून वाचत होती, विसरू नये म्हणून तिनं सगळं लिहून घेतलं होतं: "ताप पाच दिवस. वास. चपला फ्रीजमध्ये. झटका अजून न्हाई. डॉक्टरांना सांगून ठेव."

भीमाशंकरलाही तीच सूज निघाली. पण झटका येण्याआधी औषध सुरू झालं होतं. तीन आठवड्यांनी तो घरी गेला. थोडं विसरतो, लवकर थकतो, पण बायकोला, आईबापाला, पोरांना नावानं हाक मारतो. दुकान परत उघडलं आहे.

डॉ. सोनकांबळे यांनी ही गोष्ट ऐकली आणि वहिनीला विचारलं, महिन्यातून एकदा येऊन पेशंटच्या घरच्यांशी बोलाल का? तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ती नांदेडला येते. सुरुवातीला महांतेश सोबत असायचा. गेल्या ऑक्टोबरपासून ती कंधारमार्गे एसटीनं एकटी येते. गळ्यात मापाच्या पट्टीऐवजी एक कार्ड असतं, त्यावर माझा पत्ता आणि दोन फोन नंबर. ते तिला अजून कुणाला दाखवावं लागलेलं नाही.

मागच्या खेपेला मी तिच्यासोबत गेले. वॉर्डच्या बाहेर बाकावर सात-आठ नातेवाईक बसले होते. एक तरुण बाई सारखी पदराशी चाळा करत होती. तिनं विचारलं, "ताई, खरं सांगा. हे पहिल्यासारखे होतील का?"

वहिनीनं थोडा वेळ घेतला. शब्द सापडायला तिला अजून वेळ लागतो, आणि ती आता तो वेळ कुणाला न लाजता घेते.

"पहिल्यासारखी मी बी झाले न्हाई," ती म्हणाली. "सगळ्या भाज्यांची नावं मला अजून येत न्हाईत. लेकीची पाच वर्षं मला फोटोत बघावी लागतात. चिडले तर लई चिडते. पण सकाळी उठून माझं दुकान मी उघडते. त्यांना वेळ द्या. आणि त्यांच्या समोर, ते ऐकत नसल्यासारखं, त्यांच्याबद्दल बोलू नका. सगळं ऐकू येत असतं."

त्या बाईनं पदर सोडला आणि डोळे पुसले.

तेवढ्यात डॉक्टर शिकाऊ मुला-मुलींचा घोळका घेऊन आले. तिच्याकडे हात करून त्यांना म्हणाले, "या मंजुश्रीताई. आमच्या जुन्या पेशंट."

वहिनीनं मान हलवली. "पेशंट सहा वर्षांपूर्वी होते, साहेब," ती म्हणाली. "लेडीज टेलर म्हणा. मुलांचे गणवेश बी शिवते."